तपासनिसांची निसर्गवही

“पंधरा दिवस कशाला? शनिवारपर्यंत शांत होऊन दाखवतो!” तपासनीस इतक्या जोरात ओरडले की डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पुन्हा मोजला. तो आणखी चढला होता!

आगीपासून सुरक्षेची तपासणी हे त्यांचं काम. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वायरी आणि जिने बघून कपाळाला कायमच्या आठ्या पडलेल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “रोज अर्धा तास बागेत बसा. निसर्गात दिसलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा, मन हलकं होतं. शनिवारी दाब उतरलेला दिसला नाही, तर महिनाभर सक्तीची रजा!”

रजा तपासनिसांना मुळीच परवडणारी नव्हती. त्यांच्याच कचेरीत सहायक असलेल्या साडूचा त्यांच्या खुर्चीवर डोळा होता!

सोमवारी ते बागेतल्या बाकावर बसले, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. भिंतीतल्या भोकातून खार शेपूट उडवत बाहेर आली, तेव्हा तर ते चक्क हसले. मग कुणी पाहिलं नाही ना, याचीही खात्री करून घेतली. वहीत लिहिलं: वाळलेली पानं. भिंतीतलं भोक. खाली आलेली फांदी.

पण मुख्य माळ्याने पाहिलं होतं! गेल्या वर्षी एका उघड्या वायरीवरून याच साहेबांनी बागेची पंपखोली महिनाभर बंद ठेवली होती. माळ्याने पाठीमागून वहीत डोकावलं, वाचलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मंगळवारी बागेत औषधालाही वाळलेलं पान नव्हतं. फांदी छाटलेली, भोक सिमेंटने बुजवलेलं. खार भिंतीवर, किल्ली हरवलेल्या भाडेकरूसारखी बसलेली.

“हे कुणी केलं?”

“आम्हीच, साहेब! सकाळपासून राबलो!”

“अहो, मी तपासणीला नाही आलो! मला रक्तदाब आहे! मन शांत करायला आलोय!” तपासनिसांचा चेहरा लालबुंद झाला.

माळ्याने इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. “कळलं, साहेब. गुप्त तपासणी. मेलो तरी बोलणार नाही.”

बुधवारी तपासनिसांनी मुद्दाम गोड गोड गोष्टी टिपल्या: तळ्यातला बेडूक. फुलांवरच्या मधमाश्या. जुनं मोठं झाड.

गुरुवारी तळं कोरडं ठणठणीत! फुलझाडांचा एकजात चकोट केलेला! आणि मोठ्या झाडावर करवत घेऊन एक माणूस चढत होता!

“उतर खाली!” तपासनीस धावले आणि त्यांनी बुंध्याला घट्ट मिठीच मारली.

“घेर मोजताय, साहेब?” माळी लगबगीने म्हणाला. “थांबा, टेप आणतो!”

आता मात्र त्यांनी कपाळावर हात मारला. या माणसाला कळते ती एकच भाषा, असं म्हणत वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: ‘येथील झाड, पान, खार, बेडूक यांपैकी काहीही हलवू नये. सर्व आहे तसेच राहावे.’ खाली सही ठोकली, आणि सवयीने खिशातला शिक्काही मारला. माळ्याचा जीव भांड्यात पडला. करवतवाला उतरला.

“निसर्ग वाचवला मी!” त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

“आता स्वतःला वाचवा,” बायको म्हणाली. “उद्याचा एकच दिवस उरलाय.”

शुक्रवारी ते शीळ घालत बागेशी पोचले. फाटकाला कुलूप! गजांना तो आदेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगलेला. समोर नवा पहारेकरी.

“आत कुणालाही सोडायचं नाही. माणूस चालला की पानं हलतात.”

“अहो, हा आदेश माझाच आहे!”

“मग तर तुम्हाला माहीतच असेल, साहेब!”

तपासनिसांनी फाटक गदागदा हलवलं. पहारेकऱ्याने तेही नोंदवून घेतलं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे एकदा बघितलं, तपासनिसांकडे एकदा, आणि रजेचा कागद पुढे ओढला.

“महिनाभर. कारण काय लिहू?”

तपासनिसांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

“लिहा,” ते म्हणाले, “निसर्ग.”