आण्णासाहेबांचे यंत्र, सारजाबाईंची म्हैस आणि चिमणीने नेलेले कलम

श्रोते हो, सावध असावे. बालाघाटाच्या कुशीस, भूम तालुकियात, मौजे ईट म्हणोन थोर गाव. तेथे जे घडले ते कोण्या तवारिखेत नाही, सबब आम्ही लिहितो. पाहिले ते पाहिलेसे लिहिले, ऐकिले ते ऐकिलेसे, आणि म्हशीच्या मनी जे होते ते अजमासे लिहिले. अधिकउणे असेल ते, जात्यावरली ओवी चुकली तरी बाई दळण थांबवीत नाही, तैसे चालवून घ्यावे.

ऐसियास, राजमान्य राजश्री आण्णासाहेब हे पूर्वी पुणे मुक्कामी एका कंपनीच्या चाकरीत होते. चाकरी संगणकाची. त्या काळचा संगणक म्हणजे मांडीवर घ्यावा ऐसा नव्हे. धान्याच्या कपाटाएवढा, आणि त्यास गार हवा लागे, माणसास घाम फुटला तरी कोणास फिकीर नसे. पुढे कंपनीने नवी यंत्रे आणिली आणि जुन्यास बडतर्फ केले, तेव्हा आण्णासाहेबांचे काळीज हलले आणि त्यांनी ते यंत्र मागोन घेतले, आणि साखर आणावयास निघालेल्या ट्रकात ढोकीच्या साखर कारखान्यापावेतो नेले, आणि तेथे ऊस उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रॅक्टरात, पाचटाच्या गादीवर निजवून, गावी आणिले. बैल विकल्याने गोठा ओस होता. तेथे यंत्राची स्थापना जाहली.

यंत्र आले, परंतु चालावे कैसे? खटका एक नव्हता. हा आधी, तो मागून, मध्ये दम धरावा, ऐसा क्रम होता. आण्णासाहेबांस तो तोंडपाठ होता, तो वयपरत्वे निसटला. एकदा अजमासे खटके दाबिले तो सगळ्या गल्लीची वीज गेली, आणि लोक जे बोलले ते दप्तरी घालण्याजोगे नाही.

क्रमाच्या पोथ्या कागदी होत्या, त्या घरच्यांनी रद्दीत दिल्या, आणि रद्दी तेरखेड्यास जाऊन तिचे फटाके जाहले. त्या दिवाळीत आण्णासाहेब अंगणात बसोन फुटक्या लवंगीच्या साली वेचीत होते, आणि एका सालीवर इंग्रजीत "यापुढे अत्यंत सावधगिरी बाळगावी" इतुकेच उरले होते. येणेप्रमाणे कागदी पोथी रणी धारातीर्थी पडली.

परंतु एक पेटी वाचली होती. तीत त्याच पोथ्या मायक्रोफिश म्हणोन जे असते त्यावर उतरलेल्या: तळहाताएवढ्या निळसर फिल्मच्या पट्ट्या, प्रत्येकीवर भोपळ्याच्या बीएवढी पाने, आणि अक्षर मुंगीच्या पायाहून बारीक. ते वाचावयाचे भिंगयंत्र केव्हाच निकामी जाहले होते. वर्षे गेली. पेटी तैसीच, यंत्र तैसेच, आणि आण्णासाहेब रोज सकाळी त्यास फडके मारीत.

मग त्यांच्या पत्नी, गंगाजळ निर्मळ सारजाबाई, यांनी मुरूम गावाहून, कानडी मुलखाच्या शिवेवरून, शरणप्पा गिरणीवाल्याची मुऱ्हा म्हैस खरेदी केली. म्हैस कैसी? काळ्या पाषाणाचे देऊळ चालत यावे तैसी. गोठा यंत्राने अडविलेला, सबब तीस लिंबाखाली बांधिले. आणि संध्याकाळी सारजाबाई चरवी घेऊन बसल्या तो म्हशीने पान्हा चोरिला. कुरवाळिले, सरकी पुढे ठेविली, पाठीवर गोधडी घातली, तरी थेंब नाही. मग बाईंनी ओवीने आळविले:

काळे गं सावळे बाई, पान्हा कुठं गं ठेविला
मागल्या अंगणात, जीव कशात गुंतला

म्हशीने कान हलविले, दूध दिले नाही. मग शरणप्पांस फोन लाविला आणि फोन म्हशीच्या कानी धरिला, आणि शरणप्पा कानडीत "बा बा, नन्न तायी", म्हणजे ये ये माझे आई, ऐसे कळवळोन बोलिले. म्हशीने फोन चाटिला. याउपर काही घडले नाही.

तेव्हा सारजाबाईंनी फर्मान सोडिले की, म्हैस थंडीत उघड्यावर उभी, म्हणोन रुसली. गोठा तिचा. बाजारच्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येईल, त्यात यंत्र चढवावे.

आण्णासाहेबांनी अर्ज गुजारिला. "अगं, एकडाव तरी चालू करू दे. चाललं तर ऱ्हाऊ दे."

"आन् चालून काय करतंय ते?"

आण्णासाहेबांनी ओठ मिटोन यंत्राच्या घरघरीचा सूर नाकातून काढिला. "हं... असं करतंय," ते म्हणाले.

"हं तर तुमीबी करताव दिवसभर," बाई बोलिल्या. तरी बाजारपावेतो मुदत दिधली. चालले तर राहील, न चालले तर जाईल. आणि आण्णासाहेबांनी मनी गाठ बांधिली की पट्ट्यांची मोठी चित्रे काढोन क्रम वाचावा, आणि यंत्र वाचले न वाचले, त्याची वाणी, ती पोथी, तरी जगाच्या दप्तरी, म्हणजे इंटरनेटावर, चढवावी, म्हणजे ते अगदीच मुके मेले ऐसे होणार नाही.

या मोहिमेस सेनापती मिळाला तो धम्मपाल, गावातल्या फोटो स्टुडिओचा धनी, भूम-वाशीपावेतो लग्ने टिपणारा. त्याने ओसरीवर पाळण्याच्या चौकटीस कॅमेरा उलटा टांगिला, खाली काच मांडिली, काचेखाली लग्नमंडपातला दिवा लाविला आणि काचेवर एकेक पट्टी ठेवून मारा आरंभिला. आण्णासाहेब पट्टी देत, धम्मपाल टिपी, आण्णासाहेब पट्टी घेत, आणि सारजाबाई मधोन सूप घेऊन जात तेव्हा सारी फौज अंग चोरी. ऐसे मोठे रण माजले.

परंतु पहिली चित्रे पाहता हाहाकार जाहला. पानोपानी टिंब नाही, स्वल्पविराम नाही, आणि चौफेर गुलाबाची वेलबुट्टी! धम्मपालाचा संगणक लग्नाच्या सवयीचा. जे दिसे ते उजळ करी, आणि नवरीच्या गालावरचे तीळ-मुरुम काढावे तैसी त्याने यंत्राच्या पोथीतली सारी टिंबे काढोन टाकिली.

"लेका, हे यंत्राचं कलम हाय, नवरी न्हाय!" आण्णासाहेब ओरडिले.

"आण्णा, गोरं करायचं बंद करतो. पर गुलाब लई आत कुठं तरी बसल्यात, ते निघतील का न्हाय सांगता येईना."

मग गोरेपणा बंद करोन पुनश्च मारा केला. गुलाब एकेक पान करोन उपटिले. पेटी सरत आली. परंतु चालू करण्याच्या क्रमाची पट्टी, जी सर्वांत वरती असावयाची, तीच नाही! फडताळ शोधिले, उतरंड शोधिली. आण्णासाहेब खचले, आणि उद्या बाजार, म्हणोन यंत्रास अखेरचे पाहावे ते सोडून रानाकडे निघाले, आणि धम्मपाल काळजीने मागे.

शिवारात शाळू कणसावर आलेला, दाण्यांत चीक भरलेला, आणि पाखरांच्या धाडी पडत होत्या. तो बांधालगत काही लखकन चमकले. पुन्हा चमकले. काठीस सुतळीने टांगिलेली निळसर पट्टी वाऱ्यावर नाचत होती आणि चिमण्यांची फौज तिजपुढे मागे हटत होती.

"ती व्हय?" सारजाबाई खुरपे न थांबविता बोलिल्या. "पेटीत वरच हुती. चकाकती म्हणून लावली. तिच्या जिवावर कणसं राखली म्या. सोडायची न्हाय."

"अगं, तीच पायजे!"

"मग चिमण्या कोण हाकंल?"

येथे तह जाहला. पट्टी जोवर रानाबाहेर, तोवर आण्णासाहेबांनी माळ्यावर, म्हणजे रानातल्या मचाणावर, उभे राहोन पाखरे हाकावी. मग ते थोर पुरुष, ज्यांनी एके काळी गार खोलीत पांढरा कोट घालोन चाकरी केली, ते हाती गोफण घेऊन "हाऽऽ हुर्रर" करीत राहिले, आणि धम्मपाल पट्टी छातीशी धरोन मोटारसायकलीने ओसरीवर गेला, आणि चिमण्यांची विष्ठा मऊ फडक्याने पुसोन पट्टी टिपिली. क्रम सापडला. पहिला खटका, दुसरा खटका, मधला दम, सारा स्वच्छ. परंतु पट्टीचा खालचा कोपरा नव्हता. कोण्या निर्भय चिमणीने चोच मारोन तो घरट्यास नेला होता. तेथे यंत्र बंद कैसे करावे ते कलम होते.

"बंद कराया येणार न्हाय, आण्णा," धम्मपालाने फोनावर अर्ज केला.

"आधी चालू तर होऊ दे," माळ्यावरून हुकूम आला. मग पट्टी काठीस परत जाऊन लटकली, आणि आण्णासाहेब खाली उतरले.

संध्याकाळी, धारेच्या वेळी, ते गोठ्यात उभे राहिले. खटका दाबिला. दुसरा दाबिला. दम धरिला. गल्लीतल्या शहाण्यांनी आधीच मेणबत्त्या काढिल्या होत्या. तिसरा दाबिला, आणि यंत्राच्या पोटातून हळूहळू, झोपेतून उठावे तैसी, एक घरघर निघाली. तांबडा दिवा लागला. आण्णासाहेबांनी यंत्रावर हात ठेविला.

तो लिंबाखालून सारजाबाईंची हाक आली. "अवो! अवो, इकडं या!"

म्हशीने कान टवकारिले होते, मान गोठ्याकडे वळविली होती, डोळे मिटिले होते, आणि चरवीत धारेचा नाद उठत होता. चरवी भरली, दुसरी आणावी लागली.

शरणप्पांस फोन लाविला. ते तिकडून म्हणाले, "गिरणीच्या भिंतीला बांदत हुतो की तिला. गिरणी घरघरल्याबिगर तिनं थेंब दिला न्हाय कदी. हे काय सांगायचं असतंय व्हय? आमाला वाटलं समद्याच म्हशी तशा."

दुसरे दिवशी टेम्पो दारी आला. सारजाबाई पदर खोचून आडव्या उभ्या राहिल्या आणि हुकूम केला की टेम्पो आल्या वाटेने माघारी न्यावा, हॉर्न वाजवू नये, म्हैस बुजते. मग गोठ्याची मधली भिंत पाडिली, म्हैस आत आली, आणि यंत्राच्या डोईवर धूळ बसू नये म्हणोन बाईंनी आपली पांघरावयाची चौघडी स्वहस्ते घातली.

"पर हे बंद कसं करायचं?" त्यांनी पुशिले.

"म्हाईत न्हाय. ते कलम चिमणीनं नेलं."

"बरं झालं," सारजाबाई म्हणाल्या, आणि धारेस बसल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पोथी जगाच्या दप्तरी चढली, कोण्याही मुलखातल्या मनुष्याने उघडोन वाचावी. एका पानास गुलाब राहिले आहेत, ते काढू नयेत. वीज जाते तेव्हा यंत्र आपोआप निजते आणि म्हैस पान्हा चोरिते. वीज परतली की आण्णासाहेब धावत जाऊन खटके क्रमाने दाबितात. चिमणीवर कोणाचा दावा नाही. हे लिहीत असता चरवीतला फेसाचा एक थेंब कागदावर उडाला. तोच शिक्का मानावा.