हॅलो, त्र्यंबक!

"ज्याला बटण दाबता येतं, त्याला बिअर करता येते!" हे सौमित्रचं ताजं मत होतं आणि ते त्याने फक्त बाथरूमच्या आरशाला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती. अमेरिकेत सनीव्हेलच्या मोठ्या कंपनीत चिप डिझाइन करणारा हा माणूस घरात जावई होता, आणि सध्या सासूबाई मुक्कामाला होत्या.

बिअर करायचं यंत्र मात्र देखणं होतं. कंबरेइतकं उंच, स्टीलचं, चकचकीत. आपल्याकडच्या पाणी तापवायच्या बंबाला इंजिनिअरिंगला घातलं, तर पास होऊन असाच बाहेर पडेल! मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, आतल्या जाळीत भरायचे, पाण्याची नळी जोडायची आणि अॅपवर वेळ लावायची. पाणी तापवणं, जव भिजवणं, त्यांचा गोड अर्क काढणं, तो उकळणं, सगळं यंत्र बघणार. गॅरेजमध्ये टिश्यू पेपरच्या गठ्ठ्यांमागे ते तीन आठवडे अज्ञातवासात होतं.

अज्ञातवासाचं कारण म्हणजे कैलासवासी सासरे, त्र्यंबकराव. नागपूरचे मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर व्यसनमुक्तीवर भाषणं देत गावोगाव हिंडले. लग्नात मानपानाची बोलणी चालली असताना ते एवढंच म्हणाले होते, "माझ्या लेकीच्या घरात दारू शिरता कामा नये. बाकी काही नको." सौमित्रने चारचौघांत शब्द दिला. मागच्या वर्षी त्र्यंबकराव गेले. आता शब्द घेणाराच उरला नाही म्हटल्यावर शब्दाचं काय करायचं? सौमित्रने यावर पुष्कळ विचार केला आणि यंत्राची ऑर्डर दिली.

बायकोला, म्हणजे यामिनीला पत्ता लागू नये म्हणून अॅपही त्याने स्वतःच्या फोनवर घेतलं नाही. मागच्या खेपेला सासऱ्यांना घेऊन दिलेला टॅबलेट ड्रॉवरमध्ये पडून होता, त्यावर घेतलं. टॅबलेटवर सगळी खाती त्र्यंबकरावांच्याच नावाची होती. ती बदलायचा त्याने कंटाळा केला. कंटाळ्याने भल्याभल्यांचा घात केलाय, सौमित्र तर सॉफ्टवेअरच्या अटी न वाचता 'अॅग्री' दाबणारा माणूस!

शनिवारी त्र्यंबकरावांची तिथी होती, पितृपक्षातली. देशाच्या दुसऱ्या टोकाच्या आयसेलिन गावचे गुरुजी व्हिडिओवरून बारा वाजता श्राद्ध सांगणार, अडीचला मायलेकी देवळात जाणार आणि तीनला यंत्र सुरू होणार, असा चोख बेत त्याने आखला होता. जव आदल्या दिवशीच भरून ठेवले होते, अॅपवर तीनची वेळही लावली होती.

गुरुजी पावणेतीनला उगवले. आधीची दोन श्राद्धं लांबली म्हणे! आणि त्यांना दाखवायला यामिनीने ड्रॉवरमधून काय काढलं असेल? तोच टॅबलेट. फोटोशेजारी स्टँडवर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला.

"बाबांचाच आहे, बरं वाटतं," ती म्हणाली.

सौमित्र धोतर नेसून, उघड्या अंगाने पाटावर बसला होता. वेळ रद्द करायला सगळ्यांदेखत अॅप उघडता येत नव्हतं, आणि कॉल बंद केला तर श्राद्ध अर्धवट.

मालिनीबाई, म्हणजे त्याच्या सासूबाई, फोटोसमोर हात जोडून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर नवऱ्याचा फोन होता. वर्षभर त्या तो रोज चार्ज करत होत्या. राँग नंबर आला तरी अदबीने सांगायच्या, "ते नाहीत. काही निरोप आहे का?"

बरोबर तीन वाजता गुरुजींचा मंत्र कापत एक शांत, गोड, परका बाईचा आवाज आला.

"हॅलो, त्र्यंबक!"

यामिनीच्या हातातून तिळाची वाटी निसटली.

"युअर वॉटर इज गेटिंग हॉट," आवाज म्हणाला. "आय अॅम वेटिंग फॉर यू."

"यजमान," गुरुजींनी आयसेलिनहून विचारलं, "कोण बोललं? आणि त्र्यंबक कोण?"

"ज्यांचं श्राद्ध चाललंय ते," यामिनी पुटपुटली.

गुरुजींनी दुप्पट वेगाने मंत्र सुरू केले!

"अॅड असेल, यार," सौमित्र म्हणाला.

"अॅडमध्ये बाबांचं नाव?" यामिनी म्हणाली. तेवढ्यात गॅरेजच्या भिंतीपलीकडून गुडगुड ऐकू आली. पाणी फिरत होतं. संथ, दमदार, थांबून थांबून. म्हातारं माणूस कण्हत कुशीवर वळावं तसं. मालिनीबाईंनी भिंतीकडे पाहिलं आणि पदर डोक्यावरून घेतला.

चार वाजायला आले तेव्हा घास ठेवलेलं पान घेऊन तिघं मागच्या अंगणात गेली. टॅबलेटवर गुरुजीही आले. शेजाऱ्याच्या छपरावर एक कावळा बसला होता. पानाकडे बघत होता, पण हलत नव्हता. ऊन स्वच्छ पडलेलं, वारा नाही, गल्लीत माणूस नाही.

"काही इच्छा राहिली असेल तर मोठ्याने सांगा," गुरुजी म्हणाले.

"बाबा, आईला मी एकटं पडू देणार नाही!" यामिनी म्हणाली. कावळा ढिम्म.

"बाबा, तुमची पुस्तकं शाळेला देऊ!" सौमित्र म्हणाला. कावळ्याने त्याच्याकडे एका डोळ्याने असं पाहिलं की सौमित्रने धोतर घट्ट धरलं.

मालिनीबाई पुढे झाल्या. "दहाव्यालाही नाही शिवला हो," त्या म्हणाल्या. "शेवटी दर्भाचा कावळा करून लावला पिंडाला. का ते मला ठाऊक आहे. रोज चारला ह्यांना माल्टचा गरम कप लागायचा. शेवटच्या दिवशी मागितला तर मी नाही दिला. डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हटलं. हे रागावून भिंतीकडे तोंड करून झोपले, ते झोपलेच." त्यांनी कावळ्याला हात जोडले. "अहो, चुकलं माझं. आता तरी या."

आणि वास आला.

गरम, गोड, दाट वास. माल्टचा! गॅरेजच्या जाळीतून संथपणे अंगणभर पसरला. मालिनीबाईंनी डोळे मिटले. यामिनीने आईचा दंड पकडला. टॅबलेट बोलला, "इट इज टाइम, त्र्यंबक."

गुरुजींनी कॉल कट केला.

सौमित्र गॅरेजकडे धावला. पुरावा नष्ट करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने वाफाळती जाळी उचलली, बाजूच्या दाराने बाहेर काढली आणि भिजलेले जव कुंपणाजवळ ओतले. हात भाजले. वर पाहिलं तर आकाश काळं होत होतं. कावळे! दहा, वीस, पन्नास. एकही ओरडत नव्हता, नुसती पंखांची फडफड. ते जवांवर उतरले, आणि छपरावरचा तो एकटा कावळा सरळ पानाकडे गेला. दोनदा चोच मारली, घास उचलला आणि उडाला.

मालिनीबाई गवतावर बसून लहान मुलीसारख्या रडल्या. "शिवला गं! मिळाला त्यांना कप!"

सौमित्रला इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. खरं सांगावं असं फार वाटलं. पण त्या रडण्यात वर्षभराचं ओझं उतरत होतं, ते पुन्हा कुणी चढवायचं? मालिनीबाई वासाच्या मागे गॅरेजमध्ये आल्या तेव्हा तो म्हणाला, "आई, माल्ट काढायचं मशीन आहे. तुम्हाला सरप्राइज देणार होतो."

हे खोटं नव्हतं. निम्मं खरं होतं! त्यांनी तोटीखाली कप धरला, फोटोपुढे ठेवला, मग एक घोट घेतला.

"अगदी तीच चव," त्या म्हणाल्या, आणि माडीवर जाऊन वर्षात पहिल्यांदा दुपारी गाढ झोपल्या. निदान सौमित्रला तसं वाटलं.

आता खरं तर त्याने गप्प बसायला हवं होतं. पण यंत्रात एकोणीस लिटर अर्क तयार होता. नुसता उकळून त्यात यीस्ट टाकायचं बाकी! यामिनी देवळात गेलेली. तो टॅबलेट घेऊन गॅरेजमध्ये शिरला, दार लोटलं आणि पुढचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: इथून पुढे मद्य होणार, म्हणून खातेदाराची संमती हवी. नोंदवलेल्या फोनवर विचारलं आहे, थांबा.

कुठला फोन, असा विचार सौमित्र करतोय तोच यंत्राची गुडगुड थांबली. आतलं काहीतरी खट्कन बंद पडलं. त्या शांततेत तो गोड आवाज म्हणाला,

"त्र्यंबक सेड नो."

उघड्या अंगाने, धोतरात, सौमित्रने त्या स्टीलच्या बंबाला साष्टांग नमस्कार घातला. "बाबा, चुकलं! शब्द दिला होता. पुन्हा नाही!"

मागे दार करकरलं.

मालिनीबाई उभ्या होत्या. एका हातात त्र्यंबकरावांचा फोन, दुसऱ्यात दोन रिकामे कप.

"सौमित्रराव, ह्यांच्या फोनवर कुणीतरी विचारत होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "'त्र्यंबक, डू यू वॉण्ट टु मेक बिअर?' मी 'नो' दाबलं. ह्यांना विचारलं असतं तर हेच म्हणाले असते, नाही का?"

"हो आई," सौमित्र जमिनीवरूनच म्हणाला.

"उठा. फरशी गार आहे." त्यांनी तोटीखाली कप भरला आणि त्याच्या हातात दिला. "श्राद्धाचं आहे, टाकायचं नसतं. किती आहे एकूण?"

"एकोणीस लिटर."

"मग लागा कामाला!"

मालिनीबाईंचा मुक्काम सहा महिन्यांचा आहे. दर शनिवारी तीन वाजता यंत्र "हॅलो, त्र्यंबक!" म्हणतं, स्वयंपाकघरातून "आले हो!" असं उत्तर जातं, आणि चारच्या ठोक्याला सौमित्र कप घेऊन मुकाट्याने उभा राहतो.