कारखानीसबाई आणि आमचा पॉप बँड

लग्नात भटजींनी ‘सावधान’ म्हटलं की कारखानीसबाईंच्या टाचा आपोआप जुळायच्या. हात मांड्यांना चिकटायचे, नजर समोर. अक्षता मुठीतच राहायच्या. अंबरनाथच्या एका शाळेत त्यांनी इतकी वर्षं पीटी शिकवली होती, की त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ त्यांच्यापाशी उरलाच नव्हता. गळ्यात शिट्टी तर लग्नालाही असायची, मोत्यांच्या सराच्या जोडीला.

बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये, गच्चीखालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. दूधवाल्याला ‘पोक काढू नकोस’ आणि जिना चढणाऱ्या आजोबांना ‘श्वास नाकाने’ असं बजावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. आम्ही पोरं त्यांना चुकवूनच गच्चीवर जायचो.

गच्चीवर आम्ही बँड काढला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. टीव्हीवर तेव्हा पोरांचे पॉप बँड दिसायला लागले होते आणि ते बघून आमच्याही अंगात आलं होतं. बँडचं नाव ‘हार्टबीट’. गाणारा नितीन, उल्हासनगरचा हरीश, सद्या आणि मी. ‘तुझी ओढणी, माझी सायकल’ हे नितीननं स्वतः लिहिलेलं गाणं आम्ही उल्हासनगरात एका कापड दुकानाच्या माळ्यावरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं. आवाज येतो म्हणून तिथे पंखा बंद ठेवायचे. गाण्यात नितीनचा कंठ दाटून आल्यासारखा वाटतो, तो निव्वळ उकाड्यानं. हरीशचा मामा लग्नांचे व्हिडिओ काढायचा. तो आमचाही काढणार आणि ओळखीचा केबलवाला आपल्या लोकल चॅनलवर लावणार, असं ठरलं. अडचण एकच होती. नाचता कुणालाच येत नव्हतं.

एका संध्याकाळी प्रॅक्टिस चालू असताना बाई वर आल्या. तक्रार असणार म्हणून सद्यानं घाईघाईनं टेप बंद केला.

“लाव परत,” बाई म्हणाल्या. हाताची घडी घालून त्यांनी अख्खं गाणं पाहिलं. मग म्हणाल्या, “गाणं बरं आहे. पण गुडघा कुणाचाच वाकत नाही. गुडघा म्हणजे दागिना नाही, रोज वापरायचा असतो.”

दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्या डान्समास्तर झाल्या. थोडी लेझीम, थोडी कवायत, मधूनच पंधरा ऑगस्टचं संचलन. “खांदे कानात घालू नका.” “प्रेमात पडलायस ना? मग पोट आत.” मी तेव्हा चांगला गोल होतो, म्हणून मागे उभा राहायचो. बाईंनी दंडाला धरून मला पुढे आणलं. “हा ताल चुकत नाही,” त्या बाकीच्यांना म्हणाल्या, “ज्याचा ताल पक्का, तो पुढे.” मला तोवर कुणी कबड्डीतसुद्धा पुढे केलं नव्हतं. आज मी चार लोकांत ताठ उभा राहून बोलतो, त्याची सुरुवात त्या गच्चीवर झाली.

शूटिंग चामटोलीजवळच्या एका खाचरात ठेवलं होतं. भात कापून झालेला, रान मोकळं. बाईंसकट आम्ही सगळे टेम्पोतून गेलो. मामाला सवय लग्नांची, त्यामुळे तो सारखा “अब थोडा शरमाओ” म्हणायचा. बघता बघता गावातली माणसं बांधावर जमली. नितीन सायकलवरून उतरून हात पसरायचा की सगळा बांध हसायचा. पुन्हा घेतलं, पुन्हा हसले. शेवटी नितीननं सायकल टाकली आणि टेम्पोत जाऊन बसला.

“मी नाही करत. लाज निघतेय माझी.”

मामा घड्याळ बघायला लागला. संध्याकाळी त्याला कुणाची तरी हळद होती आणि पुन्हा यायला त्याला सवड नव्हती. व्हिडिओ गेल्यातच जमा होता.

बाई टेम्पोकडे गेल्या नाहीत. त्या बांधाकडे गेल्या आणि त्यांनी शिट्टी मारली. सगळे गप्प.

“हसता येतं, म्हणजे टाळीही येत असेल. चौथ्या ठोक्याला वाजवायची.”

एक म्हातारे बाबा म्हणाले, “बाय, आमी पन कराची का?”

“तुम्हीच आधी,” बाई म्हणाल्या.

पहिल्यांदा टाळ्या इकडेतिकडे सांडल्या. मग एक टाळी अशी एकदम पडली, की नितीननं टेम्पोतून डोकं बाहेर काढलं.

“तुझ्यासाठीच थांबलीत ही माणसं,” बाई त्याला म्हणाल्या. “ये.”

तो आला. बाई पदर खोचून कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि सगळं गाणं आमच्यासमोर नाचल्या. आम्ही त्यांच्याकडे बघून नाचलो. त्यामुळे त्या व्हिडिओत चौघंही कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडेच बघतोय आणि मागे सगळं गाव टाळ्या वाजवतंय.

गाणं केबलवर लागणार होतं, त्या दिवशी आम्ही सहकुटुंब नितीनकडे जमणार होतो. बाईंकडे टीव्ही नव्हता. मी बोलवायला गेलो.

“तुम्ही घरची माणसं बसून बघा. मला उल्हासनगरात काम आहे,” असं म्हणून त्या पिशवी घेऊन निघाल्यासुद्धा. मला जरा लागलंच ते.

पुढच्या आठवड्यात आईबरोबर मी उल्हासनगरात मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेलो. दुकान टीव्ही-मिक्सरचं. काउंटरवरचे सिंधी शेठ माझ्याकडे निरखून बघायला लागले.

“तू वो सायकल के गानेवाला है ना? तेरी मम्मी आयी थी उस दिन. बोली, चॅनल लगाओ, मेरे बच्चों का गाना है. सब कस्टमर को चुप कराया. पूरा टाइम सीधी खडी रही, फिर आँख पोंछ के चली गयी.”

मी आईकडे पाहिलं. पोटाशी धरलेलं मिक्सरचं भांडं तिनं काउंटरवर ठेवलं.

“हां,” ती शेठना म्हणाली, “वो इसकी बडी मम्मी है.”

घरी आल्यावर आई आमच्या दाराशी थांबली नाही. तशीच वर गेली आणि तिनं बाईंची बेल वाजवली.