अंगठीच्या आतल्या बाजूला

अंगठ्यांविषयी काहीही विचारा मला. गेल्या आठ महिन्यांत या विषयावर मी जेवढं वाचलंय, तेवढं सोनारानेही वाचलं नसेल. लेक दूध पिताना माझा एक हात मोकळा असतो आणि त्यात फोन असतो. ती झोपली असं समजून मी जरा हलले की टक्क जागी होते. म्हणून मी हलत नाही, वाचते. रोमन लोक वाग्दत्त वधूला लोखंडाची अंगठी देत, हे मला ठाऊक आहे. अनामिकेतून एक शीर थेट हृदयाला जाते अशी जुनी समजूत होती, हेही ठाऊक आहे. आणि चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात अंगठीच्या आतल्या बाजूला एखादी ओळ कोरून घेत. जगाला न दिसणारी, कातडीला चिकटून राहणारी ओळ! हे वाचलं तेव्हा मी लेकीच्या टाळूवर ओठ टेकले आणि ठरवून टाकलं की दादा साखरपुड्यात वहिनीला घालणार त्या अंगठीत ओळ कोरायची आणि ते काम मी करायचं. त्यात चुकण्यासारखं आहेच काय?

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. आठवड्याला चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन लिफ्टशी. तीन वर्षांपूर्वी त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. ती मुलगी म्हणाली होती, हा समोर बसलेला असतो, पण आहे असं वाटतच नाही. दादा त्यावरही काही बोलला नाही. फक्त तेव्हापासून आमच्याकडे जेवायला आला, की ताट उचलतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून जपायला लागला. आता पुन्हा ठरलं होतं. या वेळी काही बिनसलं असतं, तर तो परत कुणासमोर बसायला तयार झाला नसता.

म्हणून त्याला बोलता येत नाही ते अंगठीने बोलावं, असा माझा बेत. मी रोज त्याला मेसेज करून विचारत होते, काय कोरायचं, सुचलं का, आहेस का. उत्तर नाही. आठव्या दिवशी दोन शब्द आले: ‘मी आहे.’

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. त्या मुलीच्या बोलण्याला तीन वर्षांनी दिलेलं हे उत्तर! आणि तेही दोन शब्दांत!

कोरीव काम करणारे काका मोठे काटेकोर. मजकूर गिऱ्हाइकाच्या आवाजात रेकॉर्ड करून मागवतात, कारण लोक मागाहून म्हणतात, मी असं बोललेच नव्हते. मी लेकीला कडेवर घेऊन फोनमध्ये रेकॉर्ड केलं, “काका, आत एवढंच कोरा. मी आहे.” त्याच क्षणी लेकीच्या तोंडात मला वर्तमानपत्राचा तुकडा दिसला. तिच्याशी मी काय बोलले ते तेव्हा लक्षातही आलं नाही. बोट घालून तुकडा काढला, मेसेज पाठवला. थोड्या वेळाने काकांनी विचारलं, ‘दोन्ही कोरायचं ना?’ मला वाटलं, दोन्ही शब्द. एवढा काटेकोर माणूस मिळाला म्हणून मी स्वतःवरच खूश होऊन ‘हो, दोन्ही’ असं कळवलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी अंगठी आणायला गेले. काकांनी भिंग दिलं. आत नाजूक, सुबक अक्षरांत कोरलं होतं:

‘मी आहे थुंक आधी’

मी अंगठी फिरवून पाहिली. गोलाला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो, म्हणून तर तो चिरंतन प्रेमाची खूण, असं मी स्वतः वाचलं होतं. पण इथे त्यामुळे भलतंच होत होतं. एकीकडून ‘थुंक आधी मी आहे’, दुसरीकडून ‘आधी मी आहे थुंक’. कुठूनही वाचा, लग्न मोडत होतं.

काकांनी शांतपणे माझंच रेकॉर्डिंग मला ऐकवलं. शंका आली नाही का, असं विचारलं, तर म्हणाले की ते अर्थ विचारत नाहीत, अर्थ विचारला की माणसं लाजतात. मागच्याच महिन्यात त्यांनी एका नवरदेवासाठी ‘माझ्या बदका’ कोरलं होतं. आता खोडता येईल का? तर अंगठी पातळ, घासायला गेलं तर भोक पडेल. नवीन करायला चार दिवस. माझ्या हातात एक तास होता.

नवऱ्याने समजूत काढली की एवढी बारीक अक्षरं कोण वाचणार आहे. होणारी वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बारीक अक्षरं वाचणं आणि दुसऱ्यांना वाचायला लावणं, याचाच तिला पगार मिळतो.

तिच्या आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत वीस माणसं बसली होती. दादाने डबी उघडली. तिने अंगठी बोटात घालून घेण्याऐवजी आधी खिडकीकडे धरली, डोळ्यांजवळ नेली आणि अख्खी ओळ मोठ्याने वाचली.

तिचे वडील खुर्चीत पुढे सरकले. दादा पांढराफटक पडला. मी लेकीला खांद्यावर टाकून उभी राहिले आणि सगळं सांगितलं: वर्तमानपत्र, रेकॉर्डिंग, बदका. सांगता सांगता रडू फुटलं. शेवटी म्हटलं, “थुंकायचं माझं आहे. पण ‘मी आहे’ हे त्याचंच आहे हो. आठ दिवस विचार करून लिहिलंय त्याने.”

दादा खाकरला.

“तेही नाही,” तो म्हणाला. “तू मेसेज केला होतास ना, आहेस का म्हणून? मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये होतो. वर आल्यावर लिहिलं, मी आहे.”

मी खाली बसले. बसायला खुर्ची होती का, हेही पाहिलं नाही. नव्हती.

तिने अंगठी पुन्हा एकदा फिरवून पाहिली. “म्हणजे यात तुमचं काहीच नाही?”

“माप,” दादा म्हणाला.

मला वाटत होतं, बोटाचं माप तिच्या आईने दिलं. तिच्या आईला वाटत होतं, मी.

“त्या दिवशी बागेत,” तिचा आवाज अगदी खाली आला, “इतका वेळ हात धरून बसला होतात, ते माप घेत होतात?”

“आधी माप घेतलं,” दादा म्हणाला. “मग नुसताच धरला होता.”

तिने अंगठी त्याच्या हातात दिली आणि बोट पुढे केलं. अंगठी बसली. ना सैल, ना घट्ट.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. त्या ‘मी आहे’वरून मी आठवडाभर नवऱ्याला फैलावर घेतलं होतं, की बघ, अबोल माणसाला दोन शब्दांत काय सुचतं, आणि तुला सहा वर्षांत एक ओळ सुचली नाही. परतीच्या वाटेवर तो मला एका शब्दानेही बोलला नाही. घर येईपर्यंत नुसती शीळ घालत होता.