हरणाऱ्यांचे केळकरकाका

जुलै उजाडला की आमचे शेजारी केळकरकाका टेनिसच्या निकालांचा कागद छापून घेतात आणि लाल पेनाने जिंकलेल्यांची नावं खोडतात. एकेक, पट्टी लावून. उरतात ते सगळे हरलेले. "जिंकलेल्यांचं कौतुक करायला अख्खं ब्रिटन बसलंय. ह्यांना कोण आहे गं?"

काका भूलतज्ज्ञ. तीसेक वर्षं इथे मिल्टन कीन्समध्ये लोकांना झोपवलं, आणि रिटायर झाल्यापासून शेजाऱ्यांना झोपू देत नाहीत. सकाळी सातला दारात हजर. "वैशाली, पहिल्या फेरीत हरलेल्याला यंदा किती देणार, ठाऊक आहे?" आकडा सांगितल्याशिवाय हलायचे नाहीत. तासाभरात हरायचं आणि माझ्या वर्षाच्या पगाराहून जास्त घेऊन घरी जायचं! मी म्हटलं, "काका, हे तर हरायला उत्तेजन झालं." तर माझ्यावरच खेकसले, "मग! हरणाऱ्यालाच लागतं ते. जिंकणाऱ्याला कशाला हवंय?"

ह्या बक्षिसांत त्यांना एकच खोट दिसते. सगळे आकडे शून्यावर संपतात. "पाकीट असं देतात होय? वर एक पौंड नको?" त्यांनी आयोजकांना रीतसर पत्र लिहिलं, नमुना म्हणून आहेराचं एक कोरं पाकीटही जोडलं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आभाराचं उत्तर आलं, पण पाकिटाबद्दल चकार शब्द नाही. साहेबाला रीतभात नाही म्हणून काका आठवडाभर फुरंगटून बसले.

मी हसायचे. मग एकदा शिडी मागायला त्यांच्या गॅरेजमध्ये गेले, तर भिंतीवर एक छोटी रॅकेट. अनघाची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीची. चौदाव्या वर्षी ती काउंटीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली होती.

"घरी येताना गाडीत मी तिला तिच्या चुका सांगितल्या," काका म्हणाले. "प्रत्येक राउंडअबाउटला एक."

आमच्या गावात चौकाचौकात वळसा घालायचे हे गोल, राउंडअबाउट, किती, हे ज्याने इथे गाडी चालवलीय त्यालाच विचारा. त्या दिवसानंतर पोरीने रॅकेटला हात लावला नाही.

आता अनघा मेडनहेडला असते, आयटीत. दर रविवारी फोन न चुकता. प्रमोशन झालं, नवं किचन केलं, मॅरेथॉन धावले. घटस्फोट मात्र काकांना सहा महिन्यांनी कळला, तोही तिच्या मावशीकडून. "मला ती फक्त जिंकलेलं सांगते गं," काका म्हणाले आणि शिडी पुसत बसले. मी त्यांच्याकडून शिडी घेतली आणि निघाले.

गेल्या वर्षी फायनलच्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. फायनल ते हरणाऱ्याला टाळ्या वाजवायला बघतात. बेल वाजली. दारात अनघा, न कळवता आलेली, डोळे सुजलेले.

"बाबा, मला रिडंडंट केला. मी... मी लास्ट प्रेझेंटेशन पण खूप खराब केला."

मी मनात म्हटलं, झालं! नोकरी गेली, आता प्रेझेंटेशनमधल्या चुका निघणार. काकांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. मग ऐन रंगात आलेल्या सेटमध्ये टीव्ही बंद केला आणि आत जाऊन कुकर लावला. वरणभात, वर तूप, लिंबाची फोड. ती जेवली, रडली, परत थोडं जेवली. काका शेजारी बसून नुसते वाढत होते. माझ्या घरच्या कुकरच्या शिट्ट्यांवरही ज्या माणसाला मत असतं, तो दोन तास गप्प! मला तर त्यांचीच काळजी वाटायला लागली.

ती सोफ्यावर झोपली तशी मी उठले. काका दारापर्यंत आले. गालावरून पाणी ओघळत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"हरल्यावर आली गं," ते कुजबुजले. "सरळ घरी आली."