जन्माच्या टेबलावरच्या ठकूताई

"आठ दिवसांत बाळाचं नाव कळवा. नाही कळवलंत तर मी 'ठकू' घालून मोकळी होईन. मग रडत यायचं नाही."

साताऱ्यातल्या आमच्या कचेरीत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत, ही धमकी मी सात वर्षं ऐकली. देणाऱ्या होत्या ठकूताई रेठरेकर. बाळ जन्मलं की नोंद लगेच व्हायची, पण नावाचा रकाना रिकामा राहायचा. बारसं होणार, आत्यांची भांडणं मिटणार, मग बाप सवडीनं येणार. असे रिकामे रकाने ठकूताईंना बघवत नसत. दुसऱ्याच्या लेकराचं नाव परस्पर घालायचा अधिकार त्यांना कुठल्याच नियमानं दिलेला नव्हता. पण 'ठकू' ऐकल्यावर नियम वाचत कोण बसतो? मंगळवारी दम दिलेला बाप गुरुवारी घामाघूम होऊन हजर. एकदा एकानं धीर करून सांगितलं, "ताई, पण मुलगा आहे हो."

"मग ठकाजी," ताई मान वर न करता म्हणाल्या.

खोलीत दोन टेबलं होती. खिडकीजवळचं जन्माचं, ते ताईंचं. दाराजवळचं मृत्यूचं, ते माझं. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी ताईंनी मला समजावलं, "नवीन माणसाला मृत्यूच देतात. तिथं चुकायला फारसं काही नसतं. जन्माला अनुभव लागतो."

नव्वदनंतरची ती वर्षं. साताऱ्यात स्वप्नील, अमोल आणि स्नेहल यांचा नुसता सुळसुळाट होता. कुणी खिडकीशी येऊन लाजत 'स्वप्नील' म्हणालं की ताई पेन खाली ठेवायच्या. "सकाळपासून हा चौथा. गाव झोपलंय का काय?" मग मुलगी असेल तर आवाज मऊ करून विचारायच्या, "पाळण्यातलं नाव काय ठेवलंय? नसेल ठेवलं तर ठकू ठेवा. हाक मारायला बरं. लांबून ऐकू जातं."

लांबून ऐकू जाण्याचा अनुभव आम्हाला होताच. ताई उंच, हाडापेरानं मजबूत, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की त्या आमच्याशी बोलायला लागल्या की खालच्या मजल्यावर पाणीपट्टीच्या रांगेतली माणसं वर बघायची.

हे नाव मुळात आलं कुठून, यावर ताईंचा अभ्यास दांडगा होता आणि त्याचा निकाल आधीच लागलेला होता. "ठाकूर म्हणजे देव. ठाकूरची ठकू. म्हणजे साक्षात देवी." आमचा शिपाई मारुती एकदा भोळेपणानं म्हणाला, "पर ताई, ठक म्हंजी लबाड माणूस न्हवं?" पुढचा आठवडाभर ताईंनी त्याच्या हातचा चहा घेतला नाही. नंतर सांगलीच्या एका निवृत्त मास्तरांनी त्यांना सांगितलं, की ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. मुलगी बाहुलीसारखी गोड दिसली की पूर्वी तिला ठकी म्हणत, आणि लाडानं ठकू. ताईंनी यावर दोन दिवस विचार केला. "देवी किंवा बाहुली," त्या मला म्हणाल्या आणि चष्मा नाकावर सरळ केला. "दोन्हीपैकी काहीही असलं तरी माझी हरकत नाही."

नाव दुर्मीळ होतं यात शंका नाही. ताईंना दुसरी ठकू बघायची फार हौस. तासगावकडच्या कुणीतरी सांगितलं, आमच्या शेजारी एक ठकू आहे, लई गुणाची. ताई रविवारी एस.टी.नं गेल्या. सोमवारी आल्या त्या थेट रजिस्टर उघडून बसल्या.

"भेटली का ठकू?" मी विचारलं.

"भेटली."

"कशी आहे?"

"म्हैस आहे," ताई म्हणाल्या. थोड्या वेळानं न राहवून पुढं म्हणाल्या, "पण म्हैस चांगली आहे हो. नाव शोभतं तिला."

एकदा मात्र ताईंच्या टेबलावर खरोखरच एक ठकू यायची वेळ आली होती. एक निवृत्त सुभेदार नातीचं नाव घालायला आले. त्यांना स्नेहल, पूजा वगैरे प्रकार पसंत नव्हते. ताईंनी देवीची आणि बाहुलीची अशा दोन्ही व्युत्पत्त्या सांगितल्या. सुभेदार टेबलावर थाप मारून म्हणाले, "पक्कं! उद्या कागद घेऊन येतो. घरात आपला हुकूम म्हणजे हुकूम." ताईंनी त्या दिवशी सगळ्या मजल्याला कंदी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सुभेदार आले, पण खिडकीजवळ न येता दारातच उभे राहिले. "सूनबाईनं काल चूल पेटवली न्हाई," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "ऐश्वर्या लिवा."

ताईंनी लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं. सुभेदारांना वाटलं, बाई रागावल्या नाहीत. मला माहीत होतं, ताई रागावल्या की अक्षर सुधारायचं.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्यालाही नावच कारण. ही हकिगत त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. कोल्हापूरचं स्थळ होतं, मुलगा बँकेत, पत्रिका जुळलेली. बोलणी झाली, साड्यांचे रंग ठरले, आणि मुलाची आई सहज म्हणाली, ताटात तांदळावर नाव 'सुनयना' लिहायचं हं. "मी विचारलं, आणि ठकूचं काय? तर म्हणाल्या, ते आता माहेरी राहील. मी म्हटलं, मग सुनयनालाच घेऊन जा. मी ठकूबरोबर राहते."

आम्ही सगळे खदखदून हसायचो. मारुती तर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. ताई खरंच ठकूबरोबर राहत होत्या, एका खोलीत, एका स्टोव्हवर, आणि शनिवारी दुपारी सांगलीची गाडी पकडून आईकडं जात होत्या, हे हसताना कुणाच्या ध्यानात यायचं नाही. मी लागल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांची आई गेली. ताई तेरा दिवसांनी कामावर आल्या आणि त्यानंतर शनिवारीसुद्धा कचेरी बंद होईपर्यंत बसायला लागल्या. मी विचारलं नाही. मृत्यूच्या टेबलावरच्या माणसाला प्रत्येक गोष्ट विचारायची सवय मोडावी लागते.

गंमत अशी होती, की ठकू येत होत्या, पण सगळ्या माझ्या टेबलावर. वर्षा-दोन वर्षांतून एखादी. ठकूबाई अमुक, वय शहाऐंशी, वार्धक्य. पहिल्यांदा मी उत्साहानं ताईंना हाक मारून दाखवलं. त्या उठून आल्या, वाचलं, आणि "बरं" म्हणून परत गेल्या. पुढच्या ठकूच्या वेळी मी कागद फायलीत लवकर सरकवून दिला. तरी त्यांना कळलंच. "कोण गेली?" त्यांनी खिडकीकडं बघत विचारलं.

पुढं एका हिवाळ्यात पाटणच्या अलीकडचा एक शेतकरी गडी माझ्यासमोर येऊन बसला. अशोक नाव, चाळिशीचा. त्याचे वडील, जुने पलटणीतले शिपाई, साताऱ्याच्या दवाखान्यात वारले होते. दाखला हवा होता, कारण पेन्शन आता आईच्या नावावर व्हायची होती. त्यानं पिशवीतून वडिलांचं जुनं पेन्शनचं पुस्तक काढलं. मी पान उलटलं. पत्नीचं नाव: ठकूबाई.

मी हळूच विचारलं, "आई आहेत ना?"

"हाय की. पर काय खरं न्हाई सायेब." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वडील गेल्यापास्नं बोलत न्हाई. कुनाशीच न्हाई. भाकरी म्होरं ठिवली तर तशीच ऱ्हाती. च्या तेवढा घेती. डागदर म्हनला, औषिद न्हाई ह्येला."

खिडकीजवळच्या टेबलावर पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

ताई आल्या, उभ्या राहिल्या, ते पान वाचलं. मग अशोकला म्हणाल्या, "मी येऊ का त्यांना भेटायला? दिवसकार्य उरकलं की."

"तुमी?" अशोक गोंधळला. "आवं, पर कशापायी?"

ताईंना त्या वेळी देवी किंवा बाहुली यांतलं काही सुचलं नाही. "आमचं नाव एक आहे," एवढंच म्हणाल्या.

दिवसकार्य झाल्यावर पुढच्या रविवारी आम्ही निघालो. मला का घेतलं, तर "मृत्यू तुझ्याकडं आहे, तू बरोबर पाहिजेस" असं कारण त्यांनी दिलं. कराडला गाडी बदलली. ताईंनी स्टँडवर केळी घेतली, परत ठेवली, परत घेतली. दुःखाच्या घरी आपण नेमकं कशासाठी चाललोय, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. पाटणच्या गाडीत बसल्यावर ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "वेडेपणा आहे ना रे हा?" ताईंचा आवाज इतका खाली जाऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

घर रस्त्याला लागूनच होतं. ओट्यावर दहा-अकरा वर्षांची नात शेंगा फोडत बसली होती. ताईंनी विचारलं, "ठकूबाई आहेत का गं घरात?"

"कोन ठकूबाई?" पोरगी म्हणाली. "आमच्यात न्हाई तसलं कोन."

आतून अशोकची बायको पदर सावरत आली. "आवं, म्हातारीचं नाव त्ये. पोरास्नी कुटनं ठावं आसनार? आमी आत्ती म्हन्ताव, पोरं आज्जी म्हन्त्यात. गावात समदी अशोकची आय म्हन्त्यात. नावानं हाक मारनारं येकच मानूस हुतं. आमचं मामंजी. मळ्यातनं येतानाच वरडायचं, ठकू, पानी ठेव गं! लय मोटा आवाज त्येंचा."

म्हातारी आत भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी, पांढऱ्या केसांची. समोर पितळीत भाकरी होती, तिला हात लागलेला नव्हता. आम्ही आत गेलो तरी तिनं वर पाहिलं नाही. अशोकनं मोठ्यानं सांगितलं, "आये, साताऱ्याच्या म्याडम आल्यात." काही नाही. सून म्हणाली, "आत्ती, पावनी आलीया." काही नाही.

ताई खाली बसल्या. केळ्यांची पिशवी कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात ताई पुढं झुकल्या आणि पाणीपट्टीच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आपल्या त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ठकू! अगं ए ठकू!"

दारातली नात दचकली. अशोक पुढं झाला, बहुतेक ताईंना थांबवायला. पण म्हातारीची मान वर आली होती.

"कोन गं?" ती म्हणाली. आवाज गंजलेल्या कडीसारखा.

"मी," ताई म्हणाल्या. "ठकू."

"तू कशी ठकू? ठकू म्या."

"मी पण ठकूच. साताऱ्याची."

म्हातारीनं हात पुढं केला. तिला नीट दिसत नसावं. तिनं ताईंचं कपाळ, चष्मा, गाल चाचपून पाहिलं. ताई लहान पोरीसारख्या तोंड पुढं करून बसल्या होत्या.

"कुनी ठिवलं गं नाव?"

"आईनं."

"हाय का आय?"

"नाही. गेली."

"आन मालक?"

"नाही."

म्हातारीचा हात ताईंच्या गालावरच होता. मग तिनं विचारलं, "मग तुला ठकू म्हनून कोन बलावतं गं?"

आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. साहेब रेठरेकरबाई म्हणायचे. घरमालकीण 'वरच्या बाई' म्हणायची. ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसत राहिल्या, आणि पुसून झाला तरी परत घातला नाही.

"जेवलीस का?" म्हातारीनं विचारलं. ताईंनी मान हलवली. म्हातारीनं पितळी पुढं ओढली, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा ताईंच्या हातात दिला. "खा, ठकू."

"तू पण खा, ठकू," ताई म्हणाल्या.

दोघी जेवल्या. सावकाश, फारसं न बोलता. म्हातारीनं आपला तुकडा संपवला आणि आमटी मागितली. सून वाटी आणायला म्हणून आत गेली ती बऱ्याच वेळानं आली, डोळे लाल करून. अशोक बाहेर जाऊन म्हशीला उगाचच वैरण घालत राहिला.

ऊन उतरायला लागल्यावर आम्ही निघालो. कराडची गाडी यायची वेळ झाली होती. आम्ही अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत आलो असू, तेवढ्यात मागून हाक आली. म्हातारी सुनेच्या खांद्याला धरून दारापर्यंत आली होती.

"ठकू! ए ठकू! पुन्यांदा ये गं!"

ताई तशाच चालत राहिल्या. मला वाटलं, गाडीच्या घाईत त्यांना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या दंडाला हात लावला. "ताई, त्या हाक मारतायत."

"ऐकलं मी," ताई पुढं बघतच म्हणाल्या. "गप्प चल. परत एकदा मारेल."