झिपरीसाहेबांच्या तसबिरीची मोहीम

प्रथम आरशास वंदन, कारण तो तोंडावर खरे सांगतो. आणि मग श्रोत्यांस विनंती ऐसी की, ज्यांच्या मस्तकी एका केसाने दुसऱ्याचे आजवर ऐकिले नाही, त्या श्रीमंत कुंतलमंडित धाकट्या बाईसाहेब, ज्यांस घरात लाडाने आणि रागानेही झिपरी म्हणत, त्यांनी आपले कुरळे केस आहेत तैसेच सरकारी तसबिरीस बसविले, ते वर्तमान साद्यंत लिहितो. लिहिणारा पक्षपाती आहे, हे आधीच कबूल. त्याचेही केस एके काळी कुरळे होते. हल्ली कुरळे नाहीत, म्हणजे केसच नाहीत. सबब आवेश अधिक जाहला तर सांभाळोन घ्यावे.

कलहाचे मूळ येणेप्रमाणे. बाईसाहेब पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत चाकरीस होत्या. नोकरी लागली, ओळखपत्रास तसबीर पाहिजे जाहली, तेव्हा आत्यासाहेबांनी, म्हणजे तीर्थरूपांच्या वडील भगिनींनी, तापलेला चिमटा चालवोन केस ताठ सरळ केले आणि तैसीच तसबीर निघाली. आणि दुसरे दिवशी न्हाणे जाहले आणि केस आपल्या मुलखी परतले. तेव्हापासोन देवडीवरचा पहारेकरी रोज पत्र पाही, तोंड पाही, आणि पुसे, “मॅडम, बहिणीचं कार्ड आणलंत का?” मागचे लोक हसत, बाईसाहेबही हसत, परंतु आपल्याच कचेरीच्या दारी आपण आपणच आहो हे रोज शाबीत करावे लागते, याचा सल पोटात राहिला. ऐशात नवी ओळखपत्रे होणार म्हणोन फर्मान सुटले. त्यानंतरची कधी होतील, हे बड्या साहेबांसही ठाऊक नव्हते. तेव्हा बाईसाहेबांनी मनी निश्चय केला की, या खेपेस जे डोईवर तेच पत्रावर.

मग मोहिमेचा सरंजाम. जवस पाण्यात उकळोन, फडक्यातून गाळोन, त्याचा चिकट रस, ज्यास हल्लीचे लोक जेल म्हणतात, तो आदले दिवशी सिद्ध करोन फ्रिजमध्ये वाटीत ठेविला. केसांचे वळण धरोन ठेवावयास यासारखी दुसरी फौज नाही. परंतु दैवगती विचित्र! सकाळी तीर्थरूप मुदपाकखान्यात शिरले, वाटी दृष्टीस पडली, जवस गुडघ्यांस उत्तम हे कोठेसे वाचिले होते, आणि मातुश्रींनी खास आपल्यास्तव काही केले याचा आनंद ऐसा दाटला की, चमचा घेवोन अर्धी वाटी फस्त केली. चौकशी होता मान खाली घालोन जबाब दिला, “मला वाटलं, माझ्यासाठीच केलंय. जरा बुळबुळीत लागलं, पण म्हटलं, हिला वाईट वाटेल.” ऐन मोहिमेत रसद मारली गेली. मातुश्री रागावणार होत्या, त्या हसो लागल्या, आणि हसता हसता खुर्चीतच बसल्या.

उरल्या रसात पाणी घालोन तो वाढविला आणि बाईसाहेब न्हाणीघरात दाखल जाहल्या. कंडिशनर चोपडोन, ओल्या केसांतील गुंते बोटांनी एकेक सोडविले, फणीस हात लाविला नाही. मग मस्तक उलटे करोन, रस घेवोन, केस मुठीमुठीने खालोन वर चुरगळिले, आणि टॉवेलाने केस पिंजतात म्हणोन तीर्थरूपांचा जुना सुती टी-शर्ट डोईस गुंडाळोन पंख्याखाली ठाणे दिले. घरभर ताकीद फिरली की, केस वाळेपर्यंत कोणी हात लावू नये, कुरवाळू नये, आणि “बघू” म्हणोन जवळही येवो नये.

केस वाळत आले तोच दाराची घंटा वाजली. आत्यासाहेब खासा चालोन आल्या होत्या. पर्सेत बारीक दातांची फणी, पिना, बो आणि तो कदीम चिमटा, ऐसा तोफखाना. टी-शर्ट उतरला होता, रस वाळोन केस कडक जाहले होते, ते पाहताच आत्यासाहेबांनी आरोळी ठोकिली, “अगं, हा काय काथ्या करून ठेवलायस! बस इकडे, पटकन नीट करते.” आणि फणी उपसोन चाल केली. बाईसाहेब टेबलाभोवती पळाल्या, आत्यासाहेब पाठीस लागल्या, तीर्थरूप मध्ये सापडले ते दोहोंकडोन ढकलले गेले. अखेरीस मातुश्रींनी वकिली करोन तह केला: तसबीर निघेतो आत्यासाहेबांनी हात लावू नये, बदल्यात त्यांस सोबत न्यावे. आत्यासाहेबांनी तह मान्य केला, परंतु तोंड वाकडेच ठेविले.

मग केस पूर्ण वाळल्याची खातरी करोन बाईसाहेबांनी दोही हातांनी ते हलके चुरडिले. कडकपणा मोडला, आणि एकेक बट गोल, मऊ, चकाकती सुटोन खांद्यावर उतरली. मातुश्री पाहतच राहिल्या. आणि टॅक्सीत वारा लागताच खिडकीची काच आत्यासाहेबांनी आपण होवोन वर केली, आणि घाम पुशीत बसल्या.

प्रयोगशाळेच्या तसबीरखान्यात एक स्टूल, एक दिवा, एक आरसा, आणि आरशास सुतळीने बांधलेली एक सार्वजनिक फणी. तसबीरवाल्याने कॅमेऱ्यात पाहिले आणि मान हलविली. “मॅडम, जरा केस विंचरून या ना. फ्रेममध्ये मावत नाहीयेत.” रांगेत कोणी खुसखुसले. आणि सकाळपासोन न डगमगलेल्या बाईसाहेबांचे येथे धैर्य गळाले. वाद घालोन आणखी हसे नको, म्हणोन त्या उठल्या, आरशापाशी गेल्या, आणि सुतळीची फणी हाती धरिली. सर्व मोहीम तेवढ्या क्षणी बुडाली होती.

तेव्हा गनिमाच्या गोटात फितूर जाहला. आत्यासाहेब उभ्या राहिल्या. “ठेव ती खाली,” ऐसा हुकूम भाचीस केला, आणि तसबीरवाल्याकडे वळोन बोलिल्या, “विंचरून कशाला? आमच्या घरातले केस असेच आहेत. मावत नसतील तर तुम्ही मागे सरका.”

तो म्हणाला, “कॅमेरा पक्का बसवलाय, मावशी.”

“मावशी नाही, आत्या! मग तिचं स्टूल मागे घ्या. एवढंही सुचत नाही?” ऐसे बोलोन, बोलण्याच्या भरात, त्यांनी आपल्याच अंबाड्यातील पिना काढिल्या. अंबाडा उलगडला, आणि पांढऱ्या-काळ्या कुरळ्या बटा चहूकडे उसळल्या. बाईसाहेबांनी आपली आत्या ऐसी कधीच पाहिली नव्हती. “मी जन्मभर दाबून बसवले,” आत्यासाहेब हळू बोलिल्या. “मला कोणी सांगितलंच नाही, की नाही दाबले तरी चालतं.”

बाईसाहेबांनी आत्यास घट्ट मिठी मारिली, आणि तहाची कलमे तेथेच उभयतांकडोन मोडली. मग रांगेतील लोकांनीच स्टूल भिंतीपर्यंत सरकविले, तसबीरवाल्याने निमूट दिवा फिरविला, आणि “हसू नका” ऐसे बजाविले, ते बाईसाहेबांनी ऐकिले नाही. तसबीर निघाली. तीत केस तीन हिस्से, चेहरा एक हिस्सा, आणि तो एक हिस्सा सगळा हसरा.

नवे पत्र हाती आले, आणि बाईसाहेब ते गळ्यात घालोन देवडीवर गेल्या. सवयीने त्यांनी पत्र पुढे केले, आणि सवयीने उत्तरही तयार ठेविले. पहारेकऱ्याने पत्र हाती घेतलेच नाही. त्याने लांबूनच तसबीर आणि तोंड एक असल्याचे पाहिले, दार लोटोन धरिले, आणि म्हणाला, “या, मॅडम.” बाईसाहेब क्षणभर तेथेच उभ्या राहिल्या, आणि मग आत गेल्या.

मोहीम फत्ते जाहली. बहुत काय लिहिणे. ज्यांस कंगवा शिवतो त्यांसही, आणि ज्यांस शिवत नाही त्यांसही, हे कळावे.